तोडणीपासून ताटापर्यंत: जवळचं, हंगामी खाणं सुरू करताना

वेलीवरून तोडलेली मटाराची शेंग लगेच मरत नाही. ती श्वास घेत राहते. फक्त आता मुळांकडून काही येत नाही, त्यामुळे ती स्वतःजवळची साखर जाळायला लागते आणि उरलेल्या साखरेचं पिठूळ स्टार्च करते. सकाळी गोड लागलेला दाणा तिसऱ्या दिवशी पिठासारखा लागतो तो यामुळे. मक्याचं तर विचारूच नका. जुन्या, साध्या वाणाच्या गोड मक्याची निम्म्याहून जास्त साखर ३० अंश सेल्सिअसला एका दिवसात स्टार्च होते. तेच कणीस ० अंशाजवळ ठेवलं तर दिवसाला सुमारे ६ टक्केच साखर जाते. (नवे जास्त गोडीचे वाण बरेच दिवस टिकतात, ती गोष्ट वेगळी.)

'जवळचं आणि हंगामी खा' या सल्ल्यामागचं खरं कारण हे आहे. भाजीने किती किलोमीटर प्रवास केला यापेक्षा ती तुटल्यापासून किती तास गेले आणि ते किती तापमानात गेले, हे जास्त महत्त्वाचं. तापमान १० अंशांनी वाढलं की भाजीचा श्वसनाचा वेग साधारण दोन ते तीन पट होतो. म्हणजे शेजारच्या शेतातली पण दिवसभर उन्हात पडलेली पालेभाजी ही दूरवरून थंड गाडीतून आलेल्या भाजीपेक्षा वाईट असू शकते. नव्याने सुरुवात करणाऱ्याने हे आधी पक्कं डोक्यात घ्यावं, म्हणजे पुढे खरेदीत फसगत होत नाही.

नेमका फायदा कशाचा, कशाचा नाही

चव हा पहिला आणि सर्वांत खात्रीचा फायदा. लांब पाठवायचा टोमॅटो हिरवा, पण पूर्ण वाढलेला असताना तोडतात, कारण लाल टोमॅटो प्रवासात चेपतो. नंतर तो इथिलीन या फळं पिकवणाऱ्या वायूने लाल होतो. रंग येतो, पण गोडी फारशी वाढत नाही, कारण टोमॅटोत साखर बनवायला पुरेसा स्टार्चचा साठाच नसतो. केळ्याचं उलटं आहे. कच्च्या केळ्यात भरपूर स्टार्च असतो आणि पिकताना त्याचीच साखर होते. त्यामुळे हिरवं तोडलेलं केळं दूर जाऊनही चांगलं पिकतं. पूर्ण वाढ झालेला आंबाही तसाच. द्राक्ष, स्ट्रॉबेरी, संत्रं, अननस मात्र तोडल्यावर गोड होत नाहीत; तोडताना जितके गोड, तितकेच राहतात. खरबूज जरा फसवं आहे. तोडल्यावर ते मऊ होतं, वास सुटतो, पण गोडी वाढत नाही. म्हणून टोमॅटो, स्ट्रॉबेरी, द्राक्ष, खरबूज जवळचं मिळवण्यात जास्त अर्थ आहे. केळ्यासाठी तेवढी धावपळ नको.

पोषणाचा फायदा खरा आहे, पण सगळ्या भाज्यांत सारखा नाही. ४ अंशांना ७ दिवस ठेवल्यावर फरसबीतलं क जीवनसत्त्व सुमारे ७७ टक्के, पालकातलं ७५ टक्के जातं. त्याच परिस्थितीत हिरव्या मटारात घट सुमारे १५ टक्के, तर ब्रोकोलीत जवळपास काहीच नाही. म्हणजे ताजेपणाची घाई आधी पालेभाज्या आणि फरसबीला. गाजर, कोबी, बीट यांना सवड आहे. खनिजं आणि तंतू तर साठवणीत फारसे बदलतच नाहीत.

पर्यावरणाचा मुद्दा जपून मांडावा लागतो. 'फूड माइल्स', म्हणजे अन्नाने शेतापासून ताटापर्यंत केलेला प्रवास, हा शब्द १९९०च्या दशकात ब्रिटनमध्ये रूढ झाला आणि त्याच्याबरोबर एक सोपा समज पसरला: कमी अंतर म्हणजे कमी प्रदूषण. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या वेबर आणि मॅथ्यूज यांनी २००८ मध्ये तिथल्या घरांच्या अन्नाचा हिशोब मांडला. अन्नामुळे होणाऱ्या हरितगृह वायूंपैकी सुमारे ८३ टक्के उत्पादनातून येत होते, सगळी वाहतूक मिळून ११ टक्के, आणि त्यातही उत्पादकापासून दुकानापर्यंतचा टप्पा एकूणाच्या फक्त ४ टक्के. त्यामुळे थंड प्रदेशात जवळच्याच, पण हीटर लावून तापवलेल्या काचगृहात पिकवलेला टोमॅटो हा उबदार प्रदेशातून ट्रकने आलेल्या टोमॅटोपेक्षा जास्त इंधन खाऊ शकतो. 'जवळचं' आणि 'हंगामी' या दोन शब्दांत तडजोड करायची वेळ आली तर हंगामाला आधी मान द्या. अपवाद विमानाने येणाऱ्या मालाचा. तेवढाच माल तेवढ्याच अंतरावर नेताना विमानाचं उत्सर्जन जहाजाच्या सुमारे ५० पट असतं. दूर देशातली फरसबी, शतावरीचे कोंब, ताज्या बेरी अशा झटपट खराब होणाऱ्या वस्तू बिगरहंगामात दिसल्या, तर त्या बहुधा हवेतूनच आल्या असं समजायला हरकत नाही.

आणि एक गैरसमज इथेच निकालात काढू. जवळचा माल म्हणजे बिनफवारणीचा, असं नसतं. शेत जवळ असल्याने एवढंच होतं की फवारणीबद्दल विचारता येतं, आणि ऐन हंगामात पीक त्याला मानवणाऱ्या हवेत असल्याने अनेकदा रोगकिडी कमी पडतात. अनेकदा म्हटलं, नेहमी नाही.

पहिली पायरी: स्वतःचं हंगामपत्रक

छापील हंगामपत्रकं मिळतात, पण ती मोठ्या प्रदेशासाठी असतात. उंची, पाऊस, पाण्याची सोय बदलली की तारखा दोन-तीन आठवडे पुढेमागे होतात. त्यामुळे वही स्वतःची करावी. एका पानावर बारा महिने आडवे, खाली भाज्या-फळं उभी. प्रत्येक चौकटीत तीनच खुणा: सु म्हणजे सुरुवात, भ म्हणजे ऐन भर, शे म्हणजे शेवट.

ऐन भर ओळखायच्या खुणा अशा. एकाच वेळी बहुतेक विक्रेत्यांकडे तीच भाजी दिसते. भाव आठवड्या-आठवड्याने उतरतो. लहान-मोठे, वाकडे-सरळ सगळे नग ढिगात असतात, कारण निवडायला कोणाला वेळ नसतो. हंगामाच्या सुरुवातीला माल महाग, लहान आणि बऱ्याचदा घाईने तोडलेला असतो. शेवटी निबर होतो: भेंडीला दोरा सुटतो, मुळा आतून पोचट आणि जाळीदार होतो, पालकाला फुलोऱ्याचा दांडा येतो, काकडीत कडक बी धरतं. सुरुवातीच्या मालावर पैसे उधळू नका. दोन आठवडे थांबलात तर तीच वस्तू अर्ध्या त्रासात जास्त चांगली मिळते.

पत्रक पाठ करण्यापेक्षा पिकाचा स्वभाव समजून घेतला तर निम्मं काम होतं. मटार, कोबी, फ्लॉवर, गाजर, मुळा, पालक, लेट्यूस ही थंडी मानवणारी पिकं. भेंडी, काकडी, वांगी, भोपळा, मका, चवळी ही उबेची. उष्ण दिवसांत लेट्यूस कडू होतं, दिवस मोठा झाला की पालक पानं सोडून फुलोऱ्याच्या मागे लागतो, आणि फ्लॉवरचा गड्डा सैल पडतो. टोमॅटो मधलाच: रात्री फार गार किंवा फार उबदार असल्या तरी त्याची फुलं गळतात. म्हणूनच एखाद्या प्रदेशात टोमॅटोचा भाव कडाडतो तो बहुतेक वेळा दीड-दोन महिन्यांपूर्वी फुलावर असताना आलेल्या उष्णतेमुळे किंवा पावसामुळे. आज पाऊस पडला आणि उद्या टोमॅटो महागला, तर ते तोडणी आणि वाहतूक अडल्यामुळे. तो भाव लवकर उतरतो.

पेरणीपासून काढणीपर्यंतचे दिवसही वहीत लिहून ठेवा. मुळा २५ ते ३० दिवस, पालक ३० ते ४०, भेंडीची पहिली तोडणी सुमारे ४५ ते ५०, टोमॅटो रोप लावल्यापासून ६० ते ८०, मटार ६० ते ७०, कांदा १०० दिवसांच्या पुढे. मोठ्या पावसाने शेतं धुऊन गेली तर बाजारात आधी काय परत येईल हे यावरून कळतं: मुळा आणि पालेभाज्या महिन्याभरात, टोमॅटोला अडीच महिने.

दुसरी पायरी: विक्रेत्याला काय विचारायचं

'ताजं आहे का?' हा प्रश्न वाया जातो, कारण उत्तर ठरलेलं असतं. 'हे आज तोडलंय की काल?' असं विचारा, म्हणजे निदान दोनपैकी एक निवडावं लागतं. मग 'कोणत्या बाजूचा माल?', 'अजून किती दिवस येईल?' आणि 'पुढे काय निघणार आहे?' शेवटचा प्रश्न सर्वांत कामाचा. ज्याचं शेत आहे किंवा जो थेट शेतातून उचलतो, तो न अडखळता सांगतो. ज्याला उत्तरच देता येत नाही तो मोठ्या बाजारातून उचलून विकतोय, हे समजतं. त्यात गैर काही नाही, पण मग 'शेतातून थेट' म्हणून जास्तीचे पैसे मोजायचं कारण उरत नाही.

एकाच टेबलावर बारा महिने तेच सगळं दिसत असेल, थंडी मानवणारी आणि उबेची पिकं शेजारी-शेजारी रचलेली असतील, तर पाटीवर काहीही लिहिलेलं असो, माल एका शेतातला नाही.

काही ठिकाणी शेतकऱ्याला हंगामाचे पैसे आगाऊ देऊन दर आठवड्याला निघेल तो वाटा घेण्याची पद्धत आहे. जपानमध्ये १९७०च्या दशकात 'तेइकेई' नावाने ती रुजली आणि पुढे इतर देशांतही तशा योजना उभ्या राहिल्या. नवख्याने लगेच पूर्ण वाटा घेऊ नये. अर्धा घ्यावा. ऐन भरात सलग चार आठवडे कोबी आला की घरात बंड होतं, आणि योजना सोडणारे बहुतेक त्याच महिन्यात सोडतात.

तिसरी पायरी: हातात घेऊन पारखणं

पालेभाजीचं पान बघण्याआधी देठाचं कापलेलं टोक बघा. पानांवर पाणी मारलं की ती तरतरीत दिसतात, टोक मात्र खोटं बोलत नाही. ओलसर, फिकट आणि स्वच्छ कापलेलं असेल तर माल आजचा. तपकिरी, सुकलेलं किंवा बुळबुळीत असेल तर दोन-तीन दिवसांचा. कोबीलाही हीच कसोटी. शिवाय एकाच आकाराचे दोन गड्डे दोन हातांत धरून जड तो घ्यावा. टोक नुकतंच नव्याने कापलेलं असेल तर बाहेरची किती पानं काढून टाकली आहेत ते पाहा. कोबीच्या बाहेरच्या गर्द हिरव्या पानांचा घेरच गायब असेल, तर तो गड्डा साठवणीत बरेच दिवस राहिला असण्याची शक्यता जास्त.

भेंडीचं शेपूट मोडून पाहतात ते बरोबरच आहे. कट्ट आवाज आला तर कोवळी. (विक्रेता बघत असेल तर एकच मोडावी.) फरसबी वाकवली तर लवायला नको, तुटायला हवी. मटाराच्या दोन-चार शेंगा मुठीत एकमेकींवर घासल्या की ताज्या शेंगा करकरतात. वांग्याची टोपी हिरवी आणि टवटवीत हवी, साल ताणलेली. बोटाने दाबल्यावर खड्डा तसाच राहिला तर वांगं जुनं आणि आत बी धरलेलं. मक्याच्या कणसाचे केस टोकाला तपकिरी पण आत ओलसर हवेत. कलिंगडाचा जमिनीला टेकलेला डाग पांढरा असेल तर कच्चं तोडलं, लोण्यासारखा पिवळा असेल तर वेलावर पिकलं.

सफरचंदाचं वेगळं. ते कमी प्राणवायू आणि ० ते ४ अंशांच्या दरम्यान ठेवणाऱ्या खास शीतगृहात दहा-बारा महिनेही राहतं आणि बाहेरून अगदी ताजं दिसतं. काढणीचे दोन-तीन महिने सोडून घेतलेलं सफरचंद साठवणीतलं आहे असंच धरा. ते वाईट नसतं, पण 'ताजं' म्हणून जास्त पैसे द्यायची गरज नाही.

चौथी पायरी: किती घ्यायचं

इथेच सर्वांत जास्त चुका होतात. स्वस्ताई दिसली की पिशव्या भरतात आणि आठवड्याने अर्धं कुजून फेकतात. फेकलेल्या भाजीबरोबर ती पिकवायला लागलेलं पाणी, खत, श्रम सगळंच फेकलं जातं, मग ती शेजारच्या शेतातली असली तरी काय उपयोग?

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाने दिवसाला किमान ४०० ग्रॅम फळं-भाज्या खाव्यात, आणि त्यात बटाटा, रताळं यांसारखी पिष्टमय कंदमुळं धरत नाहीत. चार प्रौढांच्या घराला आठवड्याला सुमारे ११ किलो खाण्याजोगा माल लागतो. साली, देठ, टरफलं वेगळी. १ किलो मटारच्या शेंगांतून साधारण ४०० ते ५०० ग्रॅमच दाणे निघतात. टोमॅटोत जवळपास काहीच वाया जात नाही.

हे ११ किलो एकाच फेरीत आणू नका. आठवड्यातून दोन फेऱ्या करा. प्रत्येक फेरीतल्या मालाची मनात तीन भागांत वाटणी करा: पहिल्या दोन दिवसांत संपवायचं म्हणजे पालेभाज्या, मका, मटार, पिकलेली मऊ फळं, तिसऱ्या-चौथ्या दिवसापर्यंत चालणारं म्हणजे भेंडी, फरसबी, वांगी, काकडी, फ्लॉवर, आणि पुढच्या आठवड्यातही चालेल असं म्हणजे कोबी, गाजर, बीट, भोपळा, कांदा, बटाटा. स्वयंपाक या क्रमाने केला की फेकाफेक आपोआप कमी होते. सोमवारी कोबी आणि शुक्रवारी पालक करणाऱ्या घरात पालक हटकून कुजतो.

पहिल्या महिन्यात सगळं बदलायला जाऊ नका. घरात सर्वांत जास्त खाल्ल्या जाणाऱ्या तीन भाज्या किंवा फळं निवडा आणि तेवढीच हंगामाप्रमाणे, जवळून घ्या. डाळी, धान्य, मसाले यांच्या मागे सुरुवातीला लागू नका. कोरडा माल महिनोन्महिने टिकतो, प्रवासात त्याचं फारसं बिघडत नाही.

पाचवी पायरी: घरी आणल्यावर

घाईत सगळं फ्रिजमध्ये कोंबणं ही सार्वत्रिक चूक. उबेच्या प्रदेशातून आलेल्या पिकांना फार थंडी सोसत नाही. काकडी, भेंडी, वांगी, ढोबळी मिरची, फरसबी यांना ७ ते १० अंशांच्या खाली काही दिवस ठेवलं की पेशी दुखावतात: भेंडीवर काळे डाग, काकडीवर पाणचट खळगे, वांग्यात तपकिरी बी. गंमत म्हणजे फ्रिजमध्ये असेपर्यंत सगळं ठीक दिसतं, बाहेर काढल्यावर तासाभरात उठून दिसतं. या भाज्या फ्रिजच्या सर्वांत कमी थंड भागात ठेवा आणि तीन-चार दिवसांत संपवा.

टोमॅटो बाहेरच, देठाची बाजू खाली करून, एका थरात. ५ अंशांना आठवडाभर ठेवलेल्या पिकलेल्या टोमॅटोत सुवास तयार करणारी जनुकं मंदावतात आणि बाहेर काढल्यावरही ती चव पूर्ण परतत नाही, हे फ्लोरिडा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं. अगदी पिलपिलीत व्हायला आले असतील तरच फ्रिजमध्ये ठेवा. बटाटा ६ अंशांच्या खाली गेला की त्याच्या स्टार्चची साखर होते आणि तळताना तो काळपट होतो. उजेडात ठेवला तर हिरवा पडतो आणि त्या हिरव्या भागात विषारी सोलॅनिन वाढतं. काळोखी, हवेशीर टोपली त्याला योग्य. कांदा त्याच टोपलीत नको. दोघांची ओल एकमेकांना बाधते.

पालेभाजीला थंडी हवी आणि ओलावाही हवा, पण पाणी नको. पानाच्या वजनाच्या ३ ते ५ टक्के पाणी उडालं की ते मलूल पडतं. उलट पानावर पाण्याचा थर राहिला की सड लागते. म्हणून धुऊन ठेवू नका. जुडी सोडा, पिवळी आणि चिरडलेली पानं काढा, कोरड्या सुती कापडात सैल गुंडाळा आणि झाकण किंचित उघडं ठेवून डब्यात ठेवा. कापड दमट झालं की बदला. धुवायचीच असेल तर नंतर पूर्ण निथळून, पुसून मगच ठेवा. मलूल झालेली पण न सडलेली भाजी फेकायची गरज नाही: देठांची टोकं अर्धा सेंटिमीटर कापा, २० ते ३० मिनिटं थंड पाण्यात उभी ठेवा, पुन्हा तरतरीत होते. जीवनसत्त्व मात्र परत येत नाही.

गाजर, मुळा, बीट यांचा पाला घरी आल्याआल्या कापा. पानं कंदातलं पाणी ओढत राहतात आणि दोन दिवसांत गाजर रबरासारखं वाकतं. बीट आणि मुळ्याचा पाला त्याच दिवशी भाजीला वापरा.

पिकणारी फळं आणि हिरव्या भाज्या एका डब्यात नकोत. सफरचंद, केळं, आंबा, पपई यांतून निघणाऱ्या इथिलीनने काकडी आणि ब्रोकोली पिवळी पडते, गाजर कडवट होतं. 'गाजर कडू लागलं' या तक्रारीचं मूळ बरेचदा शेजारच्या सफरचंदात असतं.

सहावी पायरी: ऐन भरात साठवण

हंगामी खाणं म्हणजे बिगरहंगामात त्या वस्तूचं तोंडच पाहायचं नाही, असं नव्हे. भरात स्वस्त आणि उत्तम असताना थोडं साठवा.

मटार, फरसबी, फ्लॉवर, पालक गोठवण्यासाठी आधी उकळत्या पाण्यातून काढावे लागतात. याला ब्लांचिंग म्हणतात. कच्चेच गोठवले तर त्यांतली विकरं (एन्झाइम) उणे १८ अंशांनाही हळूहळू काम करत राहतात आणि दोन-तीन महिन्यांत गवतासारखा वास येतो. अर्धा किलो भाजीला ४ लिटर पाणी घ्या. पाणी खळखळ उकळल्यावर भाजी टाका. पाणी मिनिटभरात पुन्हा उकळायला हवं, नाही उकळलं तर भाजी जास्त झाली. पुन्हा उकळी आली की वेळ मोजा: मटार दीड मिनिट, पालक २, फरसबी आणि फ्लॉवरचे तुरे ३ मिनिटं. मग लगेच तितकाच वेळ बर्फाच्या पाण्यात. वेळ कमी पडला तर न उकळण्यापेक्षाही वाईट होतं, कारण अर्धवट उष्णतेने विकरं मरत नाहीत, उलट चेकाळतात. निथळा, कापडावर कोरडं करा, ताटात एका थरात पसरून आधी घट्ट गोठवा, मग पिशवीत भरून हवा काढा. ताटाची पायरी टाळली की दगडासारखा एकच गोळा होतो. असा माल आठ ते बारा महिने चालतो. चिरलेला कांदा, ढोबळी मिरची आणि अख्खे टोमॅटो न उकळता गोठवले तरी चालतात. काकडी, मुळा, लेट्यूस गोठवूच नका. बर्फाचे कण पेशी फाडतात आणि वितळल्यावर हातात चिंधी येते.

वाळवणाला तापमान किमान ३० अंश आणि हवेतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली हवी. दमट दिवसांत वाळवायला घातलेल्या फोडी सुकण्याआधी बुरसतात. काप ३ ते ६ मिलिमीटरचे, सगळे सारखे. वाळल्यावर लगेच गच्च भरू नका: बरणी दोन-तृतीयांश भरा, आठवडाभर रोज हलवा. काचेला आतून दव धरलं तर माल पुन्हा उन्हात.

कोबी मिठात आंबवायचा असेल तर १ किलो बारीक चिरलेल्या कोबीला २२ ते २५ ग्रॅम मीठ, वजन करून. चमच्याने मोजू नका, कारण जाड मिठाचा आणि बारीक मिठाचा चमचा सारखा भरत नाही. मीठ कमी झालं तर कोबी लिबलिबीत होतो, फार झालं तर आंबतच नाही. पाणी सुटेपर्यंत चोळा, बरणीत दाबा, सगळा कोबी पाण्याखाली राहील असं वजन ठेवा. १८ ते २२ अंशांना तीन-चार आठवडे लागतात. वर पांढरी सपाट साय धरली तर काढून टाका. केसाळ किंवा रंगीत बुरशी आली तर सगळं फेका.

भाज्या बरणीत सीलबंद करून महिनोन्महिने बाहेर ठेवायचा मोह मात्र नवख्याने टाळावा. मटार, मका, फरसबी, लसूण यांत आम्लता कमी असते. अशा बंद, हवारहित बरणीत बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचा जिवाणू विष तयार करू शकतो, आणि वास किंवा चव बदललीच पाहिजे असं नाही. त्याचे बीजाणू साध्या उकळण्याने मरत नाहीत. त्यासाठी दाबाखाली १२१ अंशांच्या आसपास, ठरलेल्या वेळेची प्रक्रिया लागते. तेलात बुडवलेला कच्चा लसूणही याच कारणाने बाहेर ठेवू नये. फ्रिजमध्ये ठेवा आणि चार दिवसांत संपवा.

पोकळीचे आठवडे

प्रत्येक प्रदेशात वर्षातून एखाद-दोनदा असे आठवडे येतात की जुनं पीक संपलेलं असतं आणि नवं अजून शेतात उभं असतं. बाजारात जवळचं फारसं काही नसतं आणि बहुतेकांचा संकल्प इथेच मोडतो. यासाठी दोन महिने आधीपासून तयारी ठेवा: वाळवलेलं, गोठवलेलं, कडधान्यं मोड आणून, आणि टिकाऊ कंद-फळं. त्या आठवड्यांत दूरचा माल घेतला तर बिघडत नाही. तेवढ्यासाठी चार दिवस भाजीच न खाणं जास्त वाईट.

लाल भोपळा या पोकळीचा आधार. नखाने खरवडून साल कापली जात नसेल तर तो पूर्ण तयार. देठ किमान ५ सेंटिमीटर ठेवून कापलेला घ्या, आठ-दहा दिवस उबदार, कोरड्या, हवेशीर जागी साल कडक होऊ द्या, मग १० ते १५ अंशांच्या गार कोरड्या कोपऱ्यात, एकमेकांना न चिकटवता, पुठ्ठ्यावर किंवा गवतावर ठेवा. दोन-तीन महिने सहज राहतो, काही वाण सहा महिनेही. दर आठवड्याला उलटवून खालची बाजू तपासा. देठ तुटलेला किंवा सालीला चरा गेलेला भोपळा तिथूनच सडायला लागतो, तो आधी कापा.